ग्लायडरचा ट्रेलर ओढायचाय? मग गाडी घेण्यापूर्वी हे वाचा



आपल्या मंडळातली मुले इतके दिवस क्रिकेट, तबला आणि कुमॉनच्या क्लासात अडकलेली असायची. आता मात्र दोन-तीन घरांतून ग्लायडिंगचे नाव ऐकू येऊ लागले आहे. डन्स्टेबल, लॅशम किंवा हजबंड्स बॉसवर्थच्या मैदानावर वाढदिवसाची भेट म्हणून एक फेरी होते, आणि मग पोरगी किंवा पोरगा दर शनिवारी तिथेच जायचा हट्ट धरतो. पुण्याच्या मंडळींना हडपसरचे ग्लायडिंग सेंटर आठवत असेल. पण तिथली विमाने विंचच्या दोराने वर जायची आणि बहुतेक वेळा तिथेच खाली यायची, त्यामुळे ट्रेलर हा विषय आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत आहे. इथे तो पालकांच्या गळ्यात पडतो. त्याचे कारण गमतीचे आहे. ब्रिटनमध्ये ग्लायडर एकट्याने उडवायला वयाची १४ वर्षे पुरतात, पण मोटार चालवायला १७ लागतात. म्हणजे निदान तीन वर्षे मूल आकाशात आणि ट्रेलर आई-बाबांच्या मागे!

ट्रेलर लागतो कशाला? ग्लायडरला इंजिन नसते (काहींना असते, ती जरा महाग मंडळी). वर चढणाऱ्या गरम हवेवर तो तरंगतो. दुपार कलल्यावर ही हवा मंदावली आणि मैदान गाठता आले नाही, तर पायलट एखादे मोकळे शेत बघून उतरतो. यात अपघात वगैरे काही नसतो, हा खेळाचाच भाग आहे. मग फोन येतो, कुणीतरी ट्रेलर घेऊन त्या शेतापर्यंत जायचे, पंख काढायचे, सगळे ट्रेलरमध्ये सरकवायचे आणि शेतकऱ्याचे आभार मानून फाटक लावून परत यायचे. शिकाऊ मुलांवर ही वेळ येत नाही. पण मुलाने पुढे क्रॉस-कंट्री उड्डाणे सुरू केली किंवा चार जणांत मिळून एखादा जुना ग्लायडर घेतला, की 'काका, तुमच्या गाडीला टो-बार आहे का?' हा प्रश्न आलाच म्हणून समजा.

या ट्रेलरचा स्वभाव आधी समजून घेऊ, कारण गाडीची निवड त्यावरच ठरते. एका माणसाच्या १५ मीटर पंखांच्या ग्लायडरचे रिकामे वजन अडीचशे किलोच्या आसपास असते. बंद पेटीसारखा ट्रेलर, पॅराशूट, बॅटऱ्या, पंख धरायचे स्टँड असे सगळे धरले तरी एकूण भार साधारण ७०० ते ९०० किलो होतो. दोन माणसांचा असेल तर हजार ते तेराशे. म्हणजे मोठ्या कॅराव्हॅनपेक्षा पुष्कळच हलका. पण लांबी बघा! पंखाचा एक भाग साडेसात मीटरचा, त्यामुळे ट्रेलर आठ मीटरच्या पुढे जातो. शिकवणीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एएसके-२१ या दोन आसनी ग्लायडरच्या पंखांचा विस्तार १७ मीटर आहे, म्हणजे एकेक पंख साडेआठ मीटरचा. एवढे लांब धूड बहुधा एकाच आसावर चालते आणि त्या आसाच्या मागे बराच मोठा भाग लोंबत असतो.

आपण सगळे इथे चूक करतो ती अशी, की 'ओढायचे आहे' म्हटले की आधी इंजिनाकडे बघतो. किती हॉर्सपॉवर, किती टॉर्क? खरे तर ८०० किलो ओढायला आजकालच्या कुठल्याही मध्यम गाडीत ताकद असते. प्रश्न ओढण्याचा नाहीच, प्रश्न आहे मागून ढकलले जाण्याचा. उतारावर, बाजूच्या वाऱ्यात किंवा शेजारून मोठी लॉरी सुसाट गेल्यावर हा लांब ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. वेग जितका जास्त, तितके ते झोके लवकर न थांबणारे. एका मर्यादेपुढे ते आपोआप वाढतच जातात आणि शेवटी ट्रेलर गाडीला फिरवतो. त्याला आवरून धरणारी गोष्ट म्हणजे गाडीचे स्वतःचे वजन. म्हणून गाडी बघताना पहिला आकडा वजनाचा बघा.

इथले कॅराव्हॅनवाले एक ठोकताळा वापरतात. भरलेल्या ट्रेलरचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. हा कायदा नाही, पण नवशिक्यांसाठी शहाणपणाचा आहे. १४०० किलोची गाडी असेल तर ८५ टक्के म्हणजे ११९० किलो. एका माणसाचा ग्लायडर आरामात बसला. ११०० किलोची छोटी गाडी असेल तर मर्यादा ९३५ वर येते. जमेल, पण जेमतेम.

कायद्याची मर्यादा वेगळी आहे आणि ती गाडीवरच लिहिलेली असते. पुढच्या दाराच्या चौकटीत किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर चार वजने दिलेली असतात. पहिले म्हणजे माणसे-सामानासकट गाडीचे कमाल वजन, दुसरे गाडी आणि ट्रेलर मिळून कमाल वजन, नंतरची दोन पुढच्या आणि मागच्या आसाची. समजा पहिले १९५० आणि दुसरे ३३५० आहे, तर वजाबाकी करून १४०० किलोचा ट्रेलर चालेल. दुसरा आकडाच नसेल किंवा तिथे नुसती रेघ असेल, तर ती गाडी ट्रेलर ओढण्यासाठी मान्य केलेलीच नाही. विक्रेता काहीही सांगो, तिथून नमस्कार करून निघा. व्ही-५-सी या नोंदणीपत्रातही ओ.१ आणि ओ.२ अशा दोन रकान्यांत हे आकडे असतात. ओ.१ म्हणजे ब्रेक असलेल्या ट्रेलरची मर्यादा, ओ.२ बिनब्रेकच्या.

बिनब्रेकचा ट्रेलर ही जुन्या लाकडी ग्लायडरबरोबर येणारी भानगड आहे. अशा ट्रेलरला ७५० किलो किंवा गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्मे, यातले जे कमी असेल ती मर्यादा. म्हणजे १२०० किलोच्या गाडीला फक्त ६००. स्वस्तात ग्लायडर मिळतोय म्हणून उडी मारण्यापूर्वी ट्रेलरला ब्रेक आहेत का, ते वाकून बघा.

आता नाकावरचे वजन. टो-बॉलवर ट्रेलरचे नाक किती भाराने टेकते, त्याला इथे नोज-वेट म्हणतात. गावाकडे बैलगाडी पाहिलेल्यांना हे सांगायला नको. माल मागे जास्त भरला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. ट्रेलरचेही तसेच. नाक हलके झाले की तो झोके खाणारच. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के भार नाकावर असावा असे सांगतात, म्हणजे ८०० किलोला ४० ते ५६ किलो. पुष्कळ गाड्यांची मर्यादा ७५ ते १०० किलोच्या दरम्यान असते, पण काही छोट्या गाड्यांची ५० किलोच असते. मग तुमचा ट्रेलर नाकाला जड असला की पंचाईत. हा आकडा गाडीच्या पुस्तकात आणि टो-बारच्या पट्टीवर असतो, दोन्हींपैकी कमी तो खरा. मोजायला घरचा वजनकाटा आणि लाकडाचा एक ठोकळा पुरतो, फक्त ट्रेलर सपाट जमिनीवर आणि नाक टो-बॉलच्या उंचीवर ठेवून मोजा.

मग गाडी कुठली? माझे मत विचाराल तर बसकी, लांब, इस्टेट गाडी. स्कोडा ऑक्टाविया, फोर्ड मॉन्डेओ, फोक्सवॅगन पसाट, व्होल्व्हो व्ही-७० अशा गाड्या ग्लायडिंगच्या मैदानांवर रांगेने दिसतात, आणि ते उगाच नाही. वजन पुरेसे, पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर लांब, आणि टो-बॉल मागच्या आसापासून फार लांब नाही. हे शेवटचे महत्त्वाचे आहे. टो-बॉल आसापासून जितका मागे, तितकी ट्रेलरच्या हातात गाडी हलवायची तरफ मोठी. कुटुंबासाठी घेतलेली सात आसनांची टूरानसारखी गाडीही चांगली चालते. डबे, सतरंज्या, आजी-आजोबा आणि दोन खुर्च्या घेऊन मैदानावर दिवस काढायचा, तर तीच बरी!

उंच फोर-बाय-फोर घ्यावी का, असे बरेच जण विचारतात. ओल्या गवतावरून निघताना तिचा फायदा आहे, यात शंका नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या मागे भार टेकला की पुढची चाके थोडी हलकी होतात आणि ओल्या चढावर जागच्या जागी फिरतात. पण उंच गाडीचा टो-बॉलही कधीकधी उंच असतो. नेहमीच्या गाडीत तो भरलेल्या अवस्थेत जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटरवर असतो. त्याहून वर गेला की ट्रेलरचे नाक वर आणि शेपूट खाली. आठ-नऊ मीटरच्या ट्रेलरची शेपूट मग प्रत्येक फाटकाच्या उंबऱ्याला आणि पेट्रोल पंपाच्या उताराला खरवडत जाते. म्हणून फोर-बाय-फोर घ्यायचीच तर सुबारू आउटबॅकसारखी, उंचीने बेताची बघा. आणि खरे सांगायचे तर पाऊस पडून गेलेल्या शेतातून चार माणसांनी ढकलून आणि शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरच्या मदतीने निघता येते, वर्षातून एखाददुसऱ्या वेळेसाठी सगळे वर्ष जास्त इंधन जाळायचे का, ते तुम्हीच ठरवा.

गिअरबॉक्सबद्दल आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. भारतातले लायसन्स इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालते आणि ते बदलून ब्रिटिश लायसन्स मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. आपल्यापैकी पुष्कळ जण, विशेषतः भगिनीवर्ग, ही परीक्षा ऑटोमॅटिकवर देतात. तसे असेल तर मॅन्युअल गाडी चालवता येणार नाही. ट्रेलरसह सुद्धा नाही. तेव्हा जुनी मॅन्युअल इस्टेट स्वस्तात घेतली आणि शनिवारी आणायला जाणाऱ्या आईला ती चालवताच येत नाही, असे होऊ नये. घरात ट्रेलर नेणारे सगळे कोण, हे आधी ठरवा. टॉर्क कन्व्हर्टरचा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक ट्रेलरसाठी उत्तम. मैदानावर चालण्याच्या वेगाने ओढत नेताना आणि चढावर थांबून निघताना तो क्लच जाळत नाही. ड्राय क्लचच्या ऑटोमॅटिक गाड्या मात्र अशा सरपटण्याने तापतात, त्या शक्यतो टाळा.

ट्रेलरसाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते असे बऱ्याच जणांना अजून वाटते. १ जानेवारी १९९७ नंतर परीक्षा पास झालेल्यांना पूर्वी ती द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून हा नियम गेला, आणि साध्या मोटारीच्या लायसन्सवर ३५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. परीक्षा गेली म्हणून सराव नको असे मात्र नाही. क्लबमधल्या जाणत्या माणसाला घेऊन रिकाम्या मैदानावर दोन तास वळणे आणि रिव्हर्स शिका. डावीकडे वळताना ट्रेलरची शेपूट उजवीकडे झपकन बाहेर जाते, शेजारच्या उभ्या गाडीचा आरसा घेऊन येते, हे पुस्तक वाचून कळत नाही. रिव्हर्सची भीती मात्र उगाच आहे. लांब ट्रेलर सावकाश वळतो, त्यामुळे बागेच्या कचऱ्याच्या छोट्या ट्रेलरपेक्षा तो सोपा जातो. आणि अगदीच अडले तर सोडवून हाताने ढकलता येतोच.

हायब्रीड आणि इलेक्ट्रिकवाल्यांनी इथे जरा थांबावे. आपल्याकडे प्रियस घराघरांत आहे. तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीच्या गाड्या इथे ट्रेलरसाठी मान्य नव्हत्या. निसान लीफचीही पहिल्या दोन पिढ्यांत तीच गत. काही गाड्यांना टो-बॉल बसतो, पण तो फक्त सायकलींच्या स्टँडसाठी, तेव्हा टो-बॉल दिसला म्हणून खूश होऊ नका, वजनाची पट्टी बघा. नव्या गाड्यांत चित्र बदलले आहे. मोठ्या बॅटरीची ह्युंदाई आयोनिक ५, किया ईव्ही-६ आणि टो-बारसह आलेली टेस्ला मॉडेल वाय या १६०० किलोपर्यंत ब्रेकचा ट्रेलर ओढू शकतात. स्वतःचे वजन भरपूर असल्याने त्या रस्त्यावर खिळून राहतात आणि ओढताना आवाजही नाही! अडचण आहे ती पल्ल्याची. उंच कॅराव्हॅनमागे पल्ला निम्म्यावर येऊ शकतो. ग्लायडरचा ट्रेलर बसका आणि निमुळता, त्यामुळे नुकसान त्याहून कमी होते, पण होतेच. शिवाय बहुतेक चार्जिंगच्या जागा एका गाडीपुरत्या, म्हणजे ट्रेलर सोडा, कोपऱ्यात कुलूप लावून ठेवा, चार्ज करा, पुन्हा जोडा. संध्याकाळी सात वाजता पोराचा फोन येतो, शेत ऐंशी मैलांवर, आणि बॅटरी ३० टक्के! घरून ठरवून जाणाऱ्यांना इलेक्ट्रिक चालेल. अचानक आणायला जाणाऱ्यांनी शनिवारी सकाळी बॅटरी भरूनच मैदानावर जायची सवय लावावी.

लंडनकरांसाठी डिझेलचा मुद्दा. २९ ऑगस्ट २०२३ पासून युलेझ लंडनच्या सगळ्या बरोंना लागू झाला आहे. हॅरो, वेम्बली, हाउन्स्लो, इलफर्ड, सगळे आत. डिझेल गाडी युरो ६ ची नसेल तर ज्या दिवशी रस्त्यावर काढाल त्या दिवशी १२ पौंड ५० पेन्स. सप्टेंबर २०१५ पासून नोंदलेल्या डिझेल मोटारी सर्वसाधारणपणे युरो ६ असतात. पेट्रोलला युरो ४ पुरते. त्यामुळे 'ओढायला जुनी डिझेलच हवी' हा मैदानावरचा सल्ला केंब्रिजला राहणाऱ्याने ऐकावा, वेम्बलीच्या माणसाने चांगली टर्बो पेट्रोल इस्टेट बघावी. इंधन थोडे जास्त लागेल, पण वर्षातून हजार मैलसुद्धा ट्रेलर नेणार नसाल तर तो फरक जाणवण्यासारखा नाही.

टो-बार बसवताना हात आखडता घेऊ नका. १ ऑगस्ट १९९८ नंतर नोंदलेल्या गाड्यांना मान्यताप्राप्त टो-बारच लागतो. त्याहून जास्त लक्ष वायरिंगकडे द्या. गाडीसाठी खास बनवलेले वायरिंग बसवून संगणकाला 'ट्रेलर जोडला आहे' हे कळवले, तर बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये ट्रेलरचे झोके ओळखून चाकांना ब्रेक लावणारी यंत्रणा सुरू होते. स्वस्तातले सार्वत्रिक वायरिंग दिवे लावते, ही यंत्रणा जागी करेलच असे नाही. आपल्या लांब ट्रेलरला तिचाच खरा उपयोग. सॉकेट १३ पिनांचे घ्या, जुना ट्रेलर ७ पिनांचा असला तर छोटा ॲडॉप्टर मिळतो. टो-बार बसवल्याचे विमा कंपनीला कळवा. गाडीचा विमा बहुधा ट्रेलरमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरतो, पण आतला ग्लायडर आणि ट्रेलर यांचा विमा वेगळा असतो.

गाडी निवडताना तुम्ही कुठे कुठे जाणार, याचाही विचार करा. गाडीची ओढण्याची मर्यादा ठरवताना १२ टक्के चढावर थांबून पुन्हा निघता येते का, हे बघितलेले असते. आपली सुंदर मैदाने मात्र डोंगरावर आहेत! श्रॉपशरमधले लाँग मिंड पठारावर आहे आणि वर जाणारे रस्ते अरुंद आणि खडे. यॉर्कशरच्या सटन बँकेचा ए-१७० वरचा घाट २५ टक्क्यांचा, तिथे कॅराव्हॅनला बंदीच आहे. ग्लायडरचा ट्रेलर कॅराव्हॅन नसला तरी नवशिक्याने तो घाट चढूच नये, फेरा पडला तरी हेल्म्सलीच्या बाजूने वर जावे. स्कॉटलंडच्या पोर्टमोकला लंडनहून जायचे तर चारशे मैलांहून अधिक, म्हणजे पाठीला आराम देणारी सीट हीसुद्धा ट्रेलर ओढण्याच्या गाडीची एक गरजच झाली. ट्रेलर जोडलेला असताना मोटरवेवर आणि दुहेरी रस्त्यावर ताशी ६० मैल, एकेरी रस्त्यावर ५०, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सगळ्यात उजवी लेन वर्ज्य. झोके सुरू झालेच तर पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, घाबरून ब्रेक दाबू नका आणि वेग वाढवून 'सरळ करायला' तर मुळीच जाऊ नका.

गाडी पसंत पडली, आकडे जुळले, की एकदा ट्रेलरच्या टायरांकडेही बघा. हे ट्रेलर वर्षातले कितीतरी महिने मैदानाच्या कडेला उभे असतात, त्यामुळे टायर झिजत नाहीत, वाळून त्यांना भेगा पडतात. नक्षी नवीकोरी दिसते आणि टायर दहा वर्षांचा असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१६ असेल तर २०१६ चा तेविसावा आठवडा, म्हणजे तो टायर बदलायची वेळ कधीच होऊन गेली. नव्या टायरांबरोबर तुमच्या गाडीच्या नंबराची पिवळी पाटीही करून घ्या. ट्रेलरच्या मागे ओढणाऱ्या गाडीचाच नंबर लागतो, आणि चौघांच्या मालकीच्या ट्रेलरवर नेमकी पाचव्याच कुणाची तरी पाटी लटकलेली असते!